नंबर साळलेली जीप

वापरलेल्या वस्तूला घेतल्यापेक्षा जास्त पैसे येतात असं मला लग्नाआधी कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. चिंचवडला आमच्या आळीत बोहारीण यायची. आई जरीचं लुगडं तिच्यापुढं टाकायची, तासभर हुज्जत घालायची, आणि पदरात पडायचं काय, तर पोचा आलेलं पातेलं. जुन्याची किंमत एवढीच, हे मी परकर नेसायच्या वयापासून बघत आलेली. मग सासरी आले आणि त्या जीपनं माझी अक्कल अशी काही ठिकाणावर आणली की विचारू नका.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. माझं सासर चाकणच्या पलीकडे, आत, एका ओढ्याच्या काठावर. सासरे बैलांचे दलाल. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये आमचे मामंजी. उपरण्याखाली हात घालायचा, आत बोटं दाबायची, पूर्ण बोट म्हणजे एवढे, अर्धं म्हणजे तेवढे, आणि भाव ठरायचा. चारचौघांत उभं राहूनही कोणाला पत्ता लागायचा नाही. चाकणच्या बाजारात त्यांच्या बोटाला मान होता. त्यांनी नाही म्हटलेला बैल दुसरा कोणी सहसा घ्यायचा नाही.

आणि त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचे हे, बैलाच्या वाऱ्याला उभे राहायचे नाहीत. देहूरोडला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये चार वर्षं फिटरचं काम केलेलं. अंघोळ करून आले तरी अंगाला ग्रीसचा वास. जेवताना भाकरीच्या तुकड्यावर बोटानं गिअर कसा पडतो ते मला दाखवायचे. मी म्हणायची, अहो, आधी गिळा तो गिअर, कालवण निवतंय.

त्या दिवसांत लष्कर जुन्या गाड्या लिलावात काढायचं. ह्यांनी त्यातल्या एका जीपवर डोळा ठेवला. साठवलेलं होतं नव्हतं ते बांधलं आणि निघाले. मामंजीही निघाले सोबत. म्हणाले, "येतो की. बघायला पैसं पडत्यात व्हय?"

तिथं काय झालं ते ह्यांनी मला नंतर इतक्यांदा सांगितलंय की मी स्वतः तिथं होते असंच वाटतं. मामंजी जीपभोवती एक फेरी मारून आले. मागं जाऊन उभे राहिले. वाकून पोटाखाली बघितलं. टायरवर तळवा फिरवला. मग मुलाला म्हणाले, "चालवून दाखीव." ह्यांनी जरा पुढंमागं केली. मामंजी डोळे बारीक करून बघत होते. "डाव्या अंगाला वढतीय. पर काळीज निबर हाय. घे." आणि खरंच ती डावीकडं ओढायची! पुढं चाक उघडून बघितलं तेव्हा ह्यांनी कपाळावर हात मारला.

मी तेव्हा माहेरी होते. गाडी घेतली ती थेट मला न्यायलाच आले, मामंजीही मागं बसलेले. आळीत हा गलका! मी दारात आले आणि बघतच राहिले. हिरवं पत्र्याचं धूड, वर छप्पर म्हणून ताडपत्री, आणि बाजूला काहीच नाही.

"अहो, दारं कुठंयत हिला?"

"नसतातच."

"नसतातच म्हणजे? मी पडले तर?"

"धरून बस," हे म्हणाले.

धरून बसले. पदर दातांत, एक हात दांडीला, दुसरा देवाला. आई ओट्यावर डोळे पुसत होती, मी सासरी चाललेय म्हणून नव्हे, त्या गाडीतून चाललेय म्हणून. घराजवळच्या ओढ्याला पाणी होतं. मला वाटलं, आता उतरून चालायचं. ह्यांनी पायाशी असलेली एक आखूड दांडी ओढली, "आता पुढचीपण चाकं ओढणार," म्हणाले आणि घातली की पाण्यात! मी जी किंचाळले ती पलीकडच्या चढावर गाडी चढली तरी थांबले नव्हते. मागं मामंजी मांडीवर थाप मारून हसत होते. "चारी पायावं जोर घेती बघ! काय जनावर हाय!"

त्या दिवसापासून ती त्यांच्या लेखी जनावरच. रोज सकाळी गोठ्यातून बाहेर आले की आधी तिच्या पाठीवर थाप, मग चहा. पोळ्याला तिच्या बंपरला झूल बांधली. मी तोंडाला पदर लावून हसले, तर आत्याबाई, म्हणजे सासूबाई, मला म्हणाल्या, "हसू नगं. त्येनला राग यील."

दीड-दोन वर्षं त्या गाडीनं आम्हाला चांगलं पोसलं. कांद्याचे व्यापारी, बाळंतिणी, वऱ्हाडं, एकदा तर आजारी पुजारी. जिथं बैलगाडी आसापर्यंत रुतायची तिथं जीप जायची. मग चिंचवडहून निरोप आला. स्टेशनच्या रस्त्याला एक शेड भाड्यानं निघाली होती, मागं दोन खोल्या. पिंपरीला कारखान्यांचे पाये खणायला सुरुवात झाली होती, मालट्रक रांगेनं यायचे आणि बिघडले की रस्त्यातच बसायचे. तिथं गॅरेज टाकायचं, हे ह्यांच्या डोक्यात घट्ट बसलं. शेडमालकाची अट एकच होती. दसऱ्याला आगाऊ रक्कम आणून द्यायची. नाही दिली तर शेड दुसऱ्याची. त्या रकमेसाठी आमच्याजवळ विकण्यासारखं एकच होतं, ही जीप.

खोटं कशाला बोलू? ह्यांना शेड हवी होती, मला त्या दोन खोल्या. स्वतःची चूल. उठल्याबरोबर शेणात हात घालायला नको, बाजाराच्या दिवशी वीस माणसांच्या भाकऱ्या बडवायला नकोत. मी मनात भांडीसुद्धा मांडून टाकली होती.

मला वाटलं, जुन्या जीपचं कितीसं येणार? तेव्हा ह्यांनी मला समजावलं. नवी गाडी मागितली तर वर्ष वर्ष हाती येत नाही. पाये खणणाऱ्यांना चिखलात जाणारी गाडी आज हवी असते. म्हणून जी चालतेय, जिच्या चारी चाकांना जोर आहे, तिला घेतली त्यापेक्षा जास्त पैसे. मी म्हटलं, छे, काहीतरीच. पण एक कंत्राटदार पिंपरीहून मुद्दाम येऊन बघून गेला, चालवून गेला, आणि म्हणाला, कागद तयार ठेवा राव, येत्या आठवड्यात नेतो. मी थक्क झाले. दोन वर्षं पाण्या-चिखलातून घासलेली वस्तू, आणि हा हसत जास्त द्यायला तयार!

मामंजींना मुलगा घर सोडून चाललाय हे आवडलं नव्हतं. पण मोडता घातला नाही. एवढंच म्हणाले, "इकायची तर बाजारात न्यावी तशी नटवून इकू. भाव म्या ठरवीन. माझ्या दावनीचं जनावर पडत्या भावानं जायाचं न्हाई."

हे कागदांच्या कामासाठी पुण्याला गेले, मुक्कामाला. सकाळी मी भाकऱ्या थापत होते तर अंगणातून कानशीचा आवाज, खर्र, खर्र, दात शिवशिवतील असा. डोकावून बघितलं. मामंजी बॉनेट उघडून आत वाकलेले. मला वाटलं, गंज काढतायत. दुपारी गाडीखाली गोणपाट टाकून निजूनही तेच चाललेलं. संध्याकाळपर्यंत गाडी धुऊन, तेलाचा हात देऊन, चाकांना गेरू लावून तयार. अगदी बाजाराला निघालेल्या खोंडासारखी. मी म्हटलं, "मामंजी, दृष्ट लागेल." त्यांची छाती फुगली.

हे परत आले त्याच दिवशी कंत्राटदार हजर. मामंजींनी उपरणं पुढं केलं. कंत्राटदार आधी हसला, मग म्हणाला, "होऊ द्या काका तुमच्या पद्धतीनं," आणि हात आत घातला. आम्ही दोघी सासवा-सुना दाराआडून बघत होतो. उपरणं हललं, थांबलं, परत हललं. कंत्राटदाराच्या भुवया वर गेल्या. मामंजींचा चेहरा भिंतीसारखा. शेवटी कंत्राटदार मान हलवत हसला, "काका, लुटलंत की हो मला!" आत्याबाईंनी माझं मनगट दाबलं. आम्ही धरला होता त्यापेक्षाही वर गेला होता भाव!

मी गूळ-पाणी घेऊन बाहेर आले. कंत्राटदारानं खिशातून चष्मा काढला, ह्यांच्या हातातला कागद घेतला आणि बॉनेट उघडून आत डोकं घातलं. बराच वेळ घातलं. मग म्हणाला, "राव, नंबर कुठाय?"

"तिथंच. इंजिनावर उजवीकडं," हे म्हणाले.

"इथं काही नाही."

हे हसत पुढं झाले. वाकले. आणि तसेच वाकलेले राहिले. मग जमिनीवर आडवे होऊन गाडीच्या सांगाड्याच्या लोखंडावर बघितलं. तिथंही लोखंड आरशासारखं गुळगुळीत. बाहेर आले तेव्हा तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"काढला की," मामंजी म्हणाले. केवढ्या कौतुकानं म्हणाले! "पलटणीच्या खुणा व्हत्या त्या. साळून काढल्या. आता निव्वळ आपल्या घरची."

सांगते, त्यांचं काय झालं होतं ते. बैलाच्या शिंगावर मालक आपली अक्षरं डागतो. बैल विकत घेतला की नवा मालक शिंगं साळतो, म्हणजे तासतो, आणि जुनी अक्षरं घालवतो. त्यात फसवाफसवी नाही, रीतच आहे. चार मालकांची अक्षरं अंगावर घेऊन फिरणाऱ्या बैलाला बाजारात कोण विचारतो? दहा दावणी फिरलेला, म्हणतात, आणि भाव पाडतात. मामंजींनी उभा जन्म हजारो शिंगं साळलेली बघितली. लष्करानं लोखंडात ठोकलेले आकडे त्यांना तसेच दिसले. मुलाच्या गाडीला दोन पैसे जास्त यावेत म्हणून त्या माणसानं दिवसभर पालथं पडून ते घासले.

कंत्राटदार वाईट माणूस नव्हता. चष्मा काढून शांतपणे म्हणाला, "काका, त्या आकड्यांवर गाडी ओळखतात. कागदावर आहे तो नंबर गाडीवर नसला तर ती कोणाची कोण सांगणार? नंबर खरवडलेली गाडी म्हणजे चोरीची. रस्त्यात पोलिसानं बॉनेट उघडलं तर मी आत. फुकट दिलीत तरी मला चालायची नाही."

फुकट! माझ्या हातातला तांब्या तिरका झाला आणि पाणी माझ्याच पायावर. आत्ता ह्या उपरण्याखाली जिची एवढी किंमत झाली ती गाडी तिथंच उभी होती. तीच चाकं, तेच इंजिन, तोच जोर. आणि किंमत शून्य? बोटभर जागेतले आकडे गेले म्हणून? माझं डोकं चालेना. मामंजी एकदा कंत्राटदाराकडं, एकदा मुलाकडं बघत होते. "आरं, पर गाडी हाय की हितं," म्हणाले. "डोळ्याम्होरं हाय की!" मग ते मटकन खाली बसले.

हे दुसऱ्या दिवशी परत पुण्याला जाऊन आले. नंबर नव्यानं ठोकून मिळतो, पण अर्ज, तपासणी, लष्कराचा जबाब. "दसऱ्यापर्यंत होईल का?" मी विचारलं. "पुढच्या दसऱ्यापर्यंत म्हण," हे म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून निजले. माझ्या अंगाची नुसती लाही होत होती. त्या दोन खोल्या, ती चूल, सगळं कानशीनं घासून टाकलं होतं म्हाताऱ्यानं. आणि रागावू तरी कशी? दोन दिवस तो माणूस अन्नाला शिवला नव्हता.

तोडगा कंत्राटदारानंच सांगितला. जाताजाता ह्यांच्या कानात म्हणाला होता, "मोडून विका राव. सुट्या भागांना कागद लागत नाहीत. पुढचा आस मलाच द्या, माझी एक जीप त्याच्यावाचून पडलीय." ह्यांनी देहूरोडच्या जुन्या सोबत्यांकडं चौकशी केली. गिअरबॉक्स कोणाला हवा होता, कोणाला रेडिएटर, कोणाला चाकं. परदेशातून येणारे भाग मिळतच नव्हते. ह्यांनी सगळ्याची बेरीज केली आणि मला दाखवली. मी दोनदा विचारलं, चुकलात तर नाही ना? अख्ख्या गाडीचा जो भाव उपरण्याखाली ठरला होता, त्याहून तुकड्यांचा जास्त होत होता! आता मात्र मला हसावं की रडावं कळेना. धडधाकट गाडीपेक्षा मोडलेली महाग? कुठला हा बाजार?

ह्यांनी ते मामंजींना सांगितलं. मला वाटलं, त्यांच्या छातीवरचा दगड उतरेल. पण ते ताडकन उठून उभे राहिले.

"मोडून? चालतं-फिरतं जनावर मोडून?"

"आबा, लोखंड आहे ते."

"लोखंड हाय तर नारळ कशापायी फोडला व्हता? तुझ्या आईनं कुकू कशापायी लावलं?" "म्या जल्मात खाटकाला जनावर दिल्यालं न्हाई. लंगडं असू दे, आंधळं असू दे. त्या गोठ्यात बघ, दोन म्हातारी बसून खात्यात. लोकं हसत्यात मला. हसू देत. पर माझ्या हातानं गेलं न्हाई. तुला मोडायची तर मोड बाबा. माझ्या दारात न्हाई."

ह्यांनी सकाळी जीप बाहेर काढली, मी आणि आमच्या दोन ट्रंका आत. आत्याबाई ओट्यावर होत्या. मामंजी गोठ्यातून बाहेरच आले नाहीत.

चिंचवडला ह्यांनी सोबत्यांना घेऊन ती गाडी खोलली. मी माहेरच्या ओट्यावरून बघत होते. आधी छप्पर गेलं, मग काच, मग इंजिन वर उचललं. जिच्यात बसून मी किंचाळले होते तिचा नुसता सांगाडा उरला, तोही भंगारवाल्यानं वजनावर नेला. दसऱ्याला शेडमालकाच्या हातात रक्कम पडली. मी दोन खोल्या सारवल्या, चूल मांडली. मी आनंदात होते, का नसावं? पण अंगणात एखादी गाडी येऊन थांबली की दचकायची.

दिवाळीनंतर एके दिवशी मामंजी आले. एसटीनं, एकटे, डोक्यावर नव्या बाजरीचं गाठोडं. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, राग गेला. शेडमध्ये दुसऱ्याची एक जीप उभी होती, इंजिन काढलेली. तिच्याकडं पाठ करून बसले. मी चहा ठेवला. हे हात पुसत धावत आले, वाकून पाया पडले. इतक्या दिवसांनी वडील दारात आलेले, ह्यांना काय करू अन् काय नको झालेलं. शेडमध्ये दोन-चार गिऱ्हाइकं बसली होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हे म्हणाले, "हे आमचे आबा. ही शेड ह्यांच्यामुळं झाली बरं का! ह्यांनी नंबर साळला म्हणून गाडी मोडून विकली, आणि मोडून विकली म्हणून एवढे पैसे आले. नाहीतर आम्ही आपले अख्खी विकून बसलो असतो!"

गिऱ्हाइकं कौतुकानं हसली. एकजण म्हणाला, "वा काका!"

मी मामंजींच्या तोंडाकडं बघितलं. गाडीची किंमत शून्य झाली असं कळलं तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता. कपातला चहा त्यांनी तसाच खाली ठेवला. मग "येष्टीची येळ झाली," म्हणत उठले. हे अडवत राहिले, जेवून जा म्हणाले, आणि तेवढ्यात एका ट्रकवाल्यानं ह्यांना हाक मारली.

मी त्यांच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेले. एसटी दिसल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाई, त्येला एक सांग. धंदा कर म्हनावं, लई मोठा हो म्हनावं. पर ती माझ्यामुळं मोडली आसं चारचौघांत सांगू नगंस म्हनावं. चाकणात ह्ये कळलं तर मला तोंड दाखवाया जागा न्हाई."

मी आले आणि ह्यांना निरोप सांगितला. हातात पाना होता, तो तसाच राहिला.

"अगं," हे म्हणाले, "मी तर त्यांचं नाव व्हावं म्हणून बोललो."